तो डाग हललाच नाही



गेल्या वेळी आपण घरातली कागदपत्रं फोनवर नीट कशी लावून ठेवायची ते पाहिलं होतं. त्यावर काही जणांनी विचारलं, "आधार, पॅन, विमा झालं, पण आजारपणाच्या फाइलचं काय?" चार ओळींत उत्तर देता आलं असतं. पण आमच्या घरात अशाच एका फाइलवरून जे झालं ते सांगितलं तर जास्त उपयोग होईल असं वाटतं. आत्याची परवानगी घेतली आहे. ती म्हणाली, "लिही, पण माझं वय लिहू नकोस." म्हणून एवढंच सांगतो की ती इंदूरच्या एका शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे आणि साठी ओलांडली आहे.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर तिला खोकला लागला. फराळ, फटाक्यांचा धूर, थंडी, कारणं भरपूर होती. पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला लावला. उजव्या फुप्फुसात खालच्या बाजूला एक पांढुरका डाग निघाला. न्यूमोनिया म्हणून सात दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या दिल्या. खोकला कमी झाला, गेला नाही. जानेवारीत पुन्हा फोटो, पुन्हा डाग, या वेळी दुसरं अँटिबायोटिक. फेब्रुवारीत टीबीची औषधं सुरू झाली. थुंकीत जंतू सापडले नव्हते, पण "आपल्याकडे टीबीच जास्त असतो, सुरू करून बघू" असं ठरलं.

इथे कोणाला दोष द्यायचा नाही. आपल्या देशात महिनाभराचा खोकला आणि फुप्फुसात डाग म्हटलं की टीबीचा विचार आधी यायलाच हवा. प्रश्न पुढचा आहे. औषधं सुरू करताना कशाच्या आधारावर करतोय आणि उपयोग होतोय की नाही हे कधी तपासणार, हे आमच्यापैकी कोणीच विचारलं नाही. मी हैदराबादला, आतेभाऊ दुबईला. रोज रात्री फोन करून "गोळी घेतलीस का?" एवढं विचारलं की आमचं कर्तव्य संपायचं. आत्या बिचारी रोज गोळ्या घेत होती, लघवी लाल होते म्हणून घाबरत होती, जेवण जात नव्हतं, आणि आम्ही म्हणत होतो, "कोर्स पूर्ण कर, सोडू नकोस."

मे महिन्यात एका मुंजीसाठी इंदूरला गेलो. तोपर्यंत तिचे फोटो मी फक्त व्हॉट्सॲपवर पाहिले होते, तेही खिडकीच्या काचेला धरून काढलेले. तारखेचा कोपरा कापला गेलेला, रिपोर्टचं एक पान आहे तर दुसरं नाही. घरी साडीच्या दुकानाच्या एका पिशवीत सगळ्या फिल्म होत्या. दुपारी सगळे झोपल्यावर मी त्या तारखेप्रमाणे जमिनीवर मांडल्या. नोव्हेंबर, जानेवारी, एप्रिल. मला फिल्म वाचता येत नाही. पण डाग तिथेच, तेवढाच आहे हे कोणालाही दिसलं असतं.

पिशवीत तळाशी आणखी एक पाकीट होतं. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी फिटनेससाठी काढलेला छातीचा फोटो. तेव्हा रिपोर्टमध्ये काही लिहिलं नव्हतं. पण त्याच जागी, पुसट का होईना, काहीतरी होतंच.

आम्ही छातीच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चारही फिल्म लाइटबॉक्सवर ओळीने लावल्या आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "न्यूमोनिया असता तर काही आठवड्यांत गेला असता. टीबी असता तर या औषधांनी काहीतरी फरक पडला असता. फुप्फुसाचा नेहमीचा कॅन्सर असता तर दोन वर्षांत बहुधा बराच वाढला असता. हा हळूहळू चालणारा काहीतरी प्रकार आहे. तुकडा काढून तपासल्याशिवाय नाव कळणार नाही." त्या जुन्या फोटोकडे बोट दाखवून ते म्हणाले, "हा जपून ठेवलात ते फार बरं केलंत." खरं तर तो कोणी जपला नव्हता. टाकून द्यायचा राहिला होता, इतकंच.

सीटी स्कॅन झाला. पांढऱ्या डागाच्या मधून श्वासनलिकांच्या काळ्या रेघा तशाच उघड्या जाताना दिसत होत्या. न्यूमोनियातही असंच दिसतं, म्हणून तर इतके महिने फसगत झाली. डॉक्टरांनी आत्याला एक वेगळाच प्रश्न विचारला, "डोळे, तोंड कोरडं पडतं का? सांधे दुखतात का?" आम्हाला कळेना. नंतर समजलं की काही जणांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथींवर उलटते, आणि अशा लोकांत हा आजार जास्त दिसतो. आत्याला तसलं काही नव्हतं.

मग ब्राँकोस्कोपी. नाकातून बारीक दुर्बीण घालून आतून छोटे तुकडे काढले. रिपोर्ट आला, "जुनाट सूज, निदान करता येत नाही." घरात आनंद झाला, "बघा, कॅन्सर नाही!" डॉक्टरांनी समजावलं की तुकडा इतका लहान होता की त्यावरून हो किंवा नाही काहीच म्हणता येत नाही. 'सापडलं नाही' आणि 'नाही' यांत फरक असतो. रोज सॉफ्टवेअर तपासणाऱ्या मला हे कोणी शिकवायची गरज नव्हती, तरी त्या दिवशी मीसुद्धा पेढे आणायला निघालो होतो.

पुढची पायरी म्हणजे सीटीवर बघत बघत पाठीतून जाड सुई घालून मोठा तुकडा काढणं. इथे घर अडलं. "सुई लागली की गाठ भडकते", "हवा लागली की पसरतं", हे आपल्या प्रत्येक घरात ऐकलेलं असतं. एक नातेवाईक म्हणाले, "एवढी वर्षं शांत बसलंय, कशाला छेडता?" आतेभाऊ दुबईहून म्हणाला, "आधी टीबीचा कोर्स पूर्ण होऊ दे." चार दिवस याच्यातच गेले. शेवटी आत्यानेच डॉक्टरांना विचारलं, "पसरेल का?" ते म्हणाले, "या सुईचा खरा धोका वेगळा आहे. फुप्फुसाभोवती हवा भरू शकते किंवा थोडा रक्तस्राव होऊ शकतो. त्यासाठी नंतर काही तास झोपवून ठेवतो आणि फोटो काढतो. सुईने भडकण्याची भीती धरून नाव न कळलेल्या आजाराला औषध देत राहणं जास्त धोक्याचं आहे." आत्या म्हणाली, "मग करून टाका."

त्या दिवशी दोन गोष्टी शिकलो, त्या तुमच्याही कामाच्या आहेत. तुकडा पॅथॉलॉजीला जातो तो फॉर्मॅलिनमध्ये. पण टीबीचे जंतू वाढवून बघायचे असतील तर त्याचा काही भाग फॉर्मॅलिनशिवाय, सलाइनमध्ये पाठवावा लागतो, कारण फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात. हे आधीच ठरवायचं असतं. दुसरी गोष्ट, बायोप्सीच्या आधी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना जरूर सांगायचं. या आजाराच्या पेशी स्टेरॉइडने तात्पुरत्या विरघळतात, आणि मग तुकड्यात नेमकं जे सापडायला हवं तेच सापडत नाही.

पहिला रिपोर्ट आला तो "लिम्फॉइड पेशी वाढलेल्या, पुढील तपासणी आवश्यक" एवढाच. पुढची तपासणी म्हणजे पेशींवर वेगवेगळे रंग टाकून त्यांच्या अंगावर कोणत्या खुणा आहेत ते पाहणं. त्याला दहा दिवस लागले. ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तो तुकडा, मुंबईला दुसऱ्या तज्ज्ञांकडेही पाठवला. तुकडा एकदा मेणात बसला की वर्षानुवर्षं टिकतो, आणि पेशंटला तो मागता येतो. दोन्ही ठिकाणचं उत्तर एकच आलं. फुप्फुसातला माल्ट लिम्फोमा.

आता हे काय, ते मला समजलं तसं सांगतो. लिम्फोमा म्हणजे लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. या पेशी आपल्या संरक्षणाचं काम करतात. बहुतेक वेळा तो मानेत, काखेत, जांघेत गाठ होऊन दिसतो. पण या पेशी फक्त गाठींत नसतात. जिथे शरीराचा बाहेरच्या जगाशी संबंध येतो, म्हणजे आतडी, जठर, श्वासनलिका, तिथल्या ओलसर अस्तरातही त्या पहारा देतात किंवा दीर्घकाळ सूज राहिली की तिथे जमतात. या अस्तरातल्या पेशींपासून होणाऱ्या लिम्फोमाचं वर्णन १९८३ साली इंग्लंडमधले पॅथॉलॉजिस्ट पीटर आयझॅकसन आणि डेनिस राइट यांनी पहिल्यांदा केलं. माल्ट हे त्या अस्तराच्या इंग्रजी नावातल्या आद्याक्षरांवरून आलेलं नाव.

फुप्फुसातच सुरू होणारा लिम्फोमा फार विरळा. सगळ्या लिम्फोमांत त्याचं प्रमाण १ टक्क्याहूनही कमी आहे, आणि फुप्फुसाच्या सगळ्या कॅन्सरांतही साधारण तसंच. त्यातल्या ७० ते ९० टक्के केस या माल्ट प्रकारच्या असतात. जवळजवळ अर्ध्या पेशंटना काहीच त्रास नसतो, दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या फोटोत तो सापडतो. उरलेल्यांना खोकला, धाप, छातीत दुखणं, क्वचित थुंकीतून रक्त. ताप, रात्री कपडे भिजवणारा घाम आणि वजन उतरणं ही लक्षणंही असू शकतात, आणि ती टीबीचीही आहेत. म्हणूनच आपल्याकडे या दोघांची गल्लत होते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हा नेहमीच्या अर्थाने 'फुप्फुसाचा कॅन्सर' नाही. घर फुप्फुसाचं, पण माणूस वेगळा. डॉक्टर वेगळे, औषध वेगळं आणि पुढचं चित्रही वेगळं. माल्ट प्रकारात पाच वर्षांनंतर ८० टक्क्यांहून जास्त पेशंट हयात असतात, आणि पुष्कळ जण त्याच्यापुढेही अनेक वर्षं जगतात. दुसरा एक प्रकार मात्र वेगाने वाढतो, मोठ्या बी पेशींचा. तिथे वाट बघायची नसते. चार औषधांची जुनी केमोथेरपी आणि तिच्या जोडीला रिटुक्सिमॅब, दर २१ दिवसांनी, साधारण ६ वेळा. तो आक्रमक असला तरी त्यातलेही बरेच पेशंट पूर्ण बरे होतात. म्हणून 'लिम्फोमा' एवढा शब्द पुरत नाही, प्रकार कोणता हे कळायलाच हवं.

त्यानंतर आजार आणखी कुठे आहे का ते पाहिलं. पेट स्कॅन, बोन मॅरो, आणि जठराची एंडोस्कोपी, कारण माल्ट लिम्फोमा सर्वांत जास्त आढळतो तो जठरात. जठरातल्या प्रकाराची गोष्ट मजेची आहे. तो बहुधा हेलिकोबॅक्टर नावाच्या जंतूमुळे होतो, आणि नुसत्या अँटिबायोटिकने जंतू घालवला की पुष्कळांचा लिम्फोमाही विरतो. त्या जंतूचा अल्सरशी संबंध दाखवणाऱ्या मार्शल आणि वॉरन यांना २००५ साली नोबेल मिळालं. फुप्फुसात मात्र असा एक ठरावीक गुन्हेगार नाही. आत्याचे बाकी सगळे रिपोर्ट स्वच्छ होते. टीबीची कल्चरही निगेटिव्ह आली आणि डॉक्टरांनी ती औषधं थांबवली. त्यांनी थांबवली, आम्ही नाही. टीबीची औषधं आपल्या मनाने कधीही बंद करू नका.

या सगळ्या काळात आम्ही आत्यासमोर 'कॅन्सर' शब्द काढला नव्हता. "छातीत जरा जुनाट सूज आहे" असं सांगितलं होतं. ऑन्कॉलॉजिस्टच्या दाराबाहेर बसलेलो असताना तिने पाटी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अरे, मी पस्तीस वर्षं मुलांच्या हातात निकाल दिलेत. नापास मुलालाही त्याचं प्रगतिपुस्तक त्याच्याच हातात द्यायचे. माझं तुम्ही कोणाच्या हातात दिलंत?" मला उत्तर देता आलं नाही. आत गेल्यावर डॉक्टरांना मीच म्हणालो, "सगळं तिला सांगा."

डॉक्टरांनी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "सध्या काही करायचं नाही. तीन महिन्यांनी या."

मंडळी, कॅन्सर आहे हे ऐकणं सोपं गेलं असेल इतकं हे ऐकणं जड गेलं. कॅन्सर आहे आणि औषध नाही? आतेभाऊ फोनवर ओरडला. कोणी म्हणालं फुप्फुसाचा तेवढा भागच काढून टाका, कोणी दुसऱ्या शहराचं नाव घेतलं, कोणी काढा सुचवला. डॉक्टर शांतपणे म्हणाले की एकाच जागी असलेला लिम्फोमा ऑपरेशनने काढतात किंवा कमी मात्रेचं रेडिएशन देतात, तेही पर्याय आहेत. पण त्रास नसताना अशा सावकाश वाढणाऱ्या लिम्फोमाला लगेच औषध दिल्याने आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही, औषधाचे दुष्परिणाम मात्र आजपासून सुरू होतात. लक्ष ठेवायचं, कारण क्वचित तो वेगवान प्रकारात बदलू शकतो. "वाट बघणं म्हणजे दुर्लक्ष नव्हे. तारखा चुकवायच्या नाहीत," असं बजावलं.

आत्या चौदा महिने काहीही औषध न घेता राहिली. खोकला कधी असायचा, कधी नसायचा. ती नवरात्रात भोंडल्याला गेली, नातवाच्या बारशाला दुबईला जाऊन आली. मी मात्र दर स्कॅनच्या आधी दोन रात्री जागा असायचो. पाचव्या स्कॅनमध्ये डाग वाढलेला दिसला, डाव्या बाजूलाही एक लहानसा आला आणि जिने चढताना धाप लागू लागली. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आता सुरू करू."

रिटुक्सिमॅब, आठवड्यातून एकदा, चार आठवडे. या पेशींच्या अंगावर सीडी-२० नावाची एक खूण असते. हे औषध तिला चिकटतं आणि शरीराला ती पेशी ओळखून मारायला मदत करतं. कॅन्सरसाठी मंजूर झालेलं अशा प्रकारचं हे पहिलं औषध, अमेरिकेत १९९७ साली. मी राहतो त्या हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ साली त्याची भारतीय आवृत्ती आणली आणि ते आपल्या लोकांच्या आवाक्यात यायला मदत झाली. आधी हिपॅटायटिस बीची तपासणी केली, कारण शरीरात लपून बसलेला तो विषाणू या औषधाने उसळू शकतो. पहिल्या सलाइनला आत्याला जोरात थंडी वाजली, ताप आला. सलाइन थांबवून, इंजेक्शन देऊन, मग सावकाश पुन्हा सुरू केलं. पहिल्या वेळी असं होतं हे आधी सांगितलेलं असल्यामुळे आम्ही कमी घाबरलो. पुढच्या तिन्ही वेळा ती स्वेटर विणत बसली होती. केस गेले नाहीत.

आज डाग पूर्ण गेलेला नाही, पण बराच आकसला आहे आणि जिना चढता येतो. हा आजार काही वर्षांनी परत डोकं वर काढू शकतो, हे तिला माहीत आहे. तेव्हा पुन्हा औषध घ्यायचं.

आता फाइलचं. आई-वडील, काका-आत्या दुसऱ्या गावात आणि आपण भलतीकडे, ही आपल्या बहुतेकांची स्थिती आहे. म्हणून एवढं करा. प्रत्येक फोटोचा आणि स्कॅनचा रिपोर्ट पूर्ण पानाचा, तारखेसकट स्कॅन करा. फाइलला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग तपासणी लिहा, म्हणजे आपोआप क्रमाने लागतात. सीटीची सीडी किंवा लिंक मागून घ्या आणि लगेच उतरवून ठेवा, कारण लिंक काही दिवसांनी बंद पडते. जुना फोटो कधीही टाकू नका, 'नॉर्मल' असला तरी. बायोप्सीचा रिपोर्ट आणि ब्लॉकचा नंबर वेगळा लिहून ठेवा. औषधं कधी सुरू झाली आणि कधी बंद झाली याचं एक पान करा. बऱ्याच विमा पॉलिसींत दाखल न होता केलेल्या तपासण्या बसत नाहीत, ते आधीच वाचून ठेवा, कारण या आजारात खर्च वर्षानुवर्षं तपासण्यांचाच असतो.

आणि डॉक्टरांना एक प्रश्न विचारायला लाजू नका, "या औषधाने फरक पडला नाही तर आपण कधी आणि कसं ओळखायचं?" आम्ही हा प्रश्न फेब्रुवारीत विचारला असता तर आत्याच्या तीन महिन्यांच्या गोळ्या वाचल्या असत्या.

साडीच्या दुकानाची ती पिशवी आता नाही. त्याऐवजी एक निळी फाइल आहे, तिच्यावर आत्याच्या वळणदार अक्षरात तिचंच नाव आहे, आणि ती फाइल तिच्याच कपाटात असते. माझ्याकडे फक्त कॉपी आहे.

पुढच्या महिन्यात भेटू.